वय झालं म्हणून सोडून देऊ नका

म्हातारं कुत्रं दुखण्याने सहसा कण्हत नाही. सांधे ठणकत असले तरी ते शेपूट हलवतं, ताटलीतलं संपवतं, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. बदल दिसतो तो हालचालीत. सोफ्यावरची उडी बंद होते. जिन्याच्या पहिल्या पायरीशी ते घुटमळतं, उठताना पुढच्या पायांवर भार टाकून मागचं अंग ओढून घेतं. चालताना मागच्या नखांची फरशीवर खरखर ऐकू येते, मांड्या सुकत जातात. दवाखान्यात आणल्यावर घरची माणसं म्हणतात, "डॉक्टर, आता वय झालंय त्याचं." परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून मी या वाक्याशी भांडत आले आहे. वय म्हणजे निदान नव्हे. त्या वाक्याआड बरेचदा सांध्यांची झीज असते, आणि तिच्या वेदनेवर उपचार आहेत.

वयाचा हिशेबही सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ग्रेट डेन सहा-सात वर्षांतच म्हातारा होतो. पॉमेरेनियन दहाव्या वर्षीही तुरुतुरु पळत असतो. म्हणून मी वर्षं विचारण्याआधी कुत्र्याला चालवून बघते.

सगळ्यात जास्त भीती मला घरच्या औषधांच्या डब्याची वाटते. आजोबांच्या गुडघ्याला जी गोळी चालते ती कुत्र्याला चालेल, असं समजून प्रेमापोटीच ती दिली जाते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 साली बंदी आली ती गिधाडांमुळे. औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती. माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मात्र आजही घरोघरी असतं. कुत्र्यांसाठी मेलॉक्झिकॅमसारखी औषधं आहेत, पण तीही वजन करून, रक्त तपासून, पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेतच द्यायची.

औषधाइतकंच काम वजन करतं. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर अभ्यासलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळे. 2002 साली निष्कर्ष आले: कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा सुरू झालं. दोन वर्षं! इतकं देणारं दुसरं औषध माझ्या कपाटात नाही. तरीही तूप लावलेली पोळी आणि चहात बुडवलेलं बिस्किट थांबवा म्हटलं, की आजी माझ्याकडे नाराजीने बघतात. मला त्यांची माया कळते. पण हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, एवढं मी धरूनच ठेवते.

मग घरातली फरशी. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. एकदा घसरलं की ते उठायलाच घाबरतं. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी पाठीची पायपुसणी किंवा जुनी योगा मॅट अंथरा. सतरंजी नुसती टाकू नका, ती सरकते. नखं कापा, तळव्यांमधले केसही कापा. झोपायला जाड गादी द्या. फिरवणं बंद करू नका; एक लांब फेरी मारण्याऐवजी दोन-तीन छोट्या मारा.

डोळ्यांत निळसर झाक आली म्हणजे मोतीबिंदूच, असं नाही. बहुतेकदा ते वयाने येणारं धुरकटपण असतं आणि कुत्र्याला पुरेसं दिसतं. पण ते अचानक खूप पाणी पिऊ लागलं, तर पाणी तोडू नका, तपासणी करा. मूत्रपिंडाचा आजार रक्तातल्या क्रिएटिनिनमध्ये दिसतो तोवर बरंचसं काम बंद पडलेलं असतं, म्हणून लघवीही तपासायला हवी. गर्भाशय न काढलेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांत मलूल झाली, जास्त पाणी पिऊ लागली, तर त्याच दिवशी आणा. गर्भाशयात पू झाला असेल तर एक रात्रही महागात पडते. हृदयाचा त्रास असेल तर गाढ झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या वर सतत जात असतील, तर फोन करा.

रात्रभर घरात फेऱ्या मारणं, भिंतीकडे बघत उभं राहणं, ओळखीच्या कोपऱ्यात अडकणं हा मेंदूच्या म्हातारपणाचा भाग असू शकतो. त्याला ओरडू नका. मंद दिवा ठेवा, सामानाची जागा बदलू नका, दिवसा थोडं जास्त फिरवा. पण आधी दुखणं आणि लघवीचा संसर्ग नाही ना, हे पाहून घ्या. वेदना कशानेच आटोक्यात येत नसतील, तर दयामरणाबद्दल विचारण्यात काहीही लाजिरवाणं नाही. तो प्रश्न मला विचारा.

दिवाळीत फराळातले बेदाणे आणि चॉकलेट त्याच्या तोंडापासून दूर ठेवा, फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत त्याच्याजवळ बसा. आणि सुट्टीत एक दिवस सकाळी तो झोपेतून कसा उठतो, ते मोबाइलवर टिपून ठेवा. तेवढं चित्रण घेऊन तुमच्या पशुवैद्याकडे जा. वर्षातून दोनदा जा.