बुबुळाच्या तळाशी लाल रेघ

बुबुळासमोर पाण्यासारख्या द्रवाने भरलेली जागा असते, जेमतेम 3 मिलिमीटर खोल. टेनिस बॉल लागून माझ्या उजव्या डोळ्यात तिथे रक्त उतरलं. आधी सगळं तांबूस धुकं. बसून राहिल्यावर रक्त खाली साचलं आणि आरशात बुबुळाच्या तळाशी लाल रेघ दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, ‘हायफिमा.’

उपचार म्हणजे मुख्यतः स्वस्थ पडणं, तेही उशा रचून, डोकं उंच ठेवून. डोळ्यावर कवच, बाहुली मोठी ठेवणारे आणि सूज उतरवणारे थेंब. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद, कारण पहिल्या 5 दिवसांत पुन्हा रक्त येण्याची भीती. रोज डोळ्याचा दाब मोजायचा. रक्तपेशींनी निचऱ्याची जाळी तुंबली की दाब चढतो, दृष्टीची नस दुखावते. दाब उतरलाच नाही, तर ऑपरेशन करून रक्त धुऊन काढतात. मी गडचिरोलीचा म्हणून सिकलसेलचीही तपासणी झाली. त्या आजारात एवढंसं रक्तही घातक ठरतं.

आठवड्याभरात रेघ विरली. पण मार बसलेल्या डोळ्यात काचबिंदू कित्येक वर्षांनीही येतो, न दुखता. आज स्वच्छ दिसतंय, तरी दरवर्षी दाब मोजून येतो.