आपल्या वाट्याचे दहा मैल

धावणे हा मूलतः एकट्याचा उद्योग आहे. पाय आपले, श्वास आपला आणि थकवाही आपलाच. रिले हा मात्र त्याला अपवाद. तिथे धावणाऱ्याने शेवट गाठावा अशी अपेक्षाच नसते. हातातली वस्तू पुढच्या माणसाच्या हाती वेळेवर पोहोचली की त्याचे काम संपते. ही कल्पना आधुनिक क्रीडांगणावर जन्मली असे समजण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने येथील पायी डाकेचे वर्णन करून ठेवले आहे. एका मैलात तीन ठाणी असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरे बसवलेली काठी. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढच्या ठाण्यावरचा माणूस निघण्याच्या तयारीने उभा राही. पत्रात काय लिहिले आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

याच जुन्या युक्तीचा एक प्रचंड प्रयोग २००७ साली झाला. १ जून रोजी न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयापासून 'ब्लू प्लॅनेट रन' नावाची धाव सुरू झाली. धावणारे वीस जण, चौघांचा एक असे त्यांचे पाच संघ, आणि वाट होती पृथ्वीप्रदक्षिणेची. आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, मंगोलिया, चीन, जपान अशा देशांतून, समुद्र ओलांडून, ही मंडळी ९५ दिवसांनी, ४ सप्टेंबरला, पुन्हा न्यूयॉर्कला पोहोचली. एकूण सोळा देश आणि सुमारे १५,२०० मैल, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस हजार किलोमीटर. हेतू एकच होता : ज्यांना पिण्याचे शुद्ध पाणी मिळत नाही त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधणे आणि त्या कामासाठी निधी उभारणे.

आकडे ऐकून छाती दडपते. परंतु प्रत्यक्ष धावणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे येत असे. दिवसाला दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. सराव असलेल्या माणसाला हे अंतर दीड तासाच्या आसपास कापता येते आणि एखाद्या दिवशी ते अवघडही नाही. अवघड असते ते दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, साठाव्या दिवशी तेच पुन्हा करणे. बॅटन रात्रंदिवस पुढे सरकत राहायचे, म्हणून कोणाची पाळी पहाटे तीनला येई, तर कोणाची भर दुपारी. पाळी संपली की घामेजलेल्या अंगाने गाडीत बसायचे आणि पुढचा मुक्काम गाठायचा. धावून आलेले स्नायू बैठ्या प्रवासात आखडतात. झोप तुकड्यातुकड्यांची होते, घड्याळातली वेळ देशागणिक बदलत जाते आणि पोट कोणत्या वेळेला जेवायचे ते विसरते. तळपायाला आलेल्या फोडाला देशांच्या सीमा कळत नाहीत. तो फ्रान्समध्ये येतो आणि जर्मनीत दुखतो.

रात्रीच्या धावेचे स्वरूप तर अगदी निराळे. कपाळाला बांधलेल्या दिव्याचा उजेड चार पावलांपुरता पडतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणता मुलूख पसरला आहे, तिथे शेते आहेत की अरण्य, हे धावणाऱ्याला दिसत नाही. जग पाहण्याची केवढी संधी, असे दुरून वाटते खरे. पण त्याला दिसते ती बहुतेक वेळ डांबराची एक पट्टी. बॅटन आदल्या हाताने किती दूरवरून आणले आणि पुढचे हात ते कुठवर नेणार, याचा विचार करण्याइतकी उसंत नसते. पुढे कोणीतरी जागे राहून वाट पाहत आहे, एवढाच विश्वास पुरेसा असतो. तो विश्वास खोटा ठरला तर, उरलेले सगळे कितीही वेगाने धावोत, धाव तिथेच थांबते. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या माणसांना एकत्र बांधून ठेवायला एवढी गोष्ट पुरते. त्यासाठी भाषा एक असावी लागत नाही.

आणि तरीही या धावेत एक विसंगती होती. उन्हात धावणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाभरात लिटरभर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. त्याची भरपाई करायला पाण्याची बाटली लागते, आणि अशा धावेत ती हात पुढे केला की मिळावी अशी व्यवस्था असते. ज्यांच्यासाठी ही धाव होती त्यांची पायपीट नेमकी याच्या उलट. तिथे पाणी माणसाकडे येत नाही, माणसाला पाण्याकडे जावे लागते. वीस लिटरची घागर किंवा डबा भरला की वजन वीस किलो होते आणि ते डोक्यावर किंवा कमरेवर घेऊन परतायचे असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, ज्या घरांच्या आवारात पाणी नाही त्यांतील दहापैकी सात घरांत हे काम प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलींवर पडते. त्यांना ना बॅटन, ना पाळी बदलणारा जोडीदार.

पैसा कोठून आला, हा प्रश्नही टाळता येत नाही. या धावेची मुख्य प्रायोजक डाऊ केमिकल ही अमेरिकी कंपनी होती. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये ज्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, ती युनियन कार्बाइड डाऊने २००१ मध्ये विकत घेतली. कारखान्याच्या परिसरातील भूजल दूषित झाल्यामुळे आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला. त्या प्रदूषणाचे दायित्व आपल्यावर येत नाही, अशी डाऊची भूमिका राहिली आहे. पाण्यासाठीच्या धावेला हा पैसा चालावा का? धावणाऱ्यांचा घाम खरा होता, त्यात शंका नाही. मात्र भोपाळच्या त्या वस्त्यांतील माणसाने ही बातमी वाचली असती, तर त्याला तो घाम आधी दिसला असता की प्रायोजकाचे नाव, हे सांगणे कठीण नाही. सत्कार्याला मिळालेली देणगी देणाऱ्याचा हिशेब चुकता करत नाही. ती घेणाऱ्यांनी आणि तिच्या बळावर धावणाऱ्यांनीही हा हिशेब विचारायला हवा.

त्या काळात सुधारित स्रोताचे पाणी न मिळणाऱ्यांची संख्या जगात सुमारे ११० कोटी सांगितली जात असे. पुढे २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने शुद्ध पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. वर उल्लेखिलेल्या अहवालात मात्र सुरक्षितरीत्या व्यवस्थापित पाणी न मिळणाऱ्यांचा आकडा सुमारे २२० कोटी आहे. तहान दुप्पट झाली असा याचा अर्थ नव्हे. मोजमाप कडक झाले. पूर्वी विहीर किंवा पंप सुरक्षित बांधणीचा असला की पुरे होते. आता पाणी घराच्या आवारात, हवे तेव्हा आणि दूषण नसलेले मिळते का, हेही पाहिले जाते.

निधी गोळा झाला की पुढे काय होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशा पैशातून पुष्कळदा हातपंप उभे राहतात. जगात मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा 'इंडिया मार्क टू' हा हातपंप १९७० च्या दशकात भारतात युनिसेफच्या साहाय्याने विकसित झाला आणि त्याच्या रचनेला आधार होता तो सोलापुरात तयार झालेल्या पंपाचा. त्याआधी जालन्यातही असाच प्रयत्न झाला होता. पंप बसवण्याच्या दिवशी हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. पण जमिनीखाली, नळकांड्याच्या आत, दट्ट्याचा वॉशर रोज थोडाथोडा झिजत असतो. एके दिवशी दांडा हलतो आणि पाणी येत नाही. वॉशर महागडी वस्तू नाही. तो ज्याच्याकडे आहे, पाइप वर काढण्याची हत्यारे ज्याच्याकडे आहेत आणि ते काम ज्याला शिकवलेले आहे, असा माणूस गावात किंवा शेजारच्या गावात असला, तर संध्याकाळपर्यंत पंप पुन्हा पाणी देऊ लागतो. नसला, तर बायका घागरी उचलून पुन्हा जुन्या वाटेने ओढ्याकडे निघतात.