चावी हाताशी हवी

माझा सारा जन्म पाणीपुरवठ्याच्या खात्यात नळ टाकण्यात गेला. विमानात मी बसलो आहे तो प्रवासी म्हणून, आणि तेही डोळे गच्च मिटून. तेव्हा अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने, "मामा, माझ्या विमानाच्या पेट्रोल-नळ्यांचा नकाशा जरा नजरेखालून घाला," असे लिहिले, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पण पठ्ठ्या आपल्या गॅरेजात खरोखरीच दोन आसनांचे विमान बांधीत होता! निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा विरंगुळ्यासाठी केलेले असले, तर तपासणी करून ते उडवण्याची परवानगी तिकडे मिळते. आणि तिकडचे कशाला? कांदिवलीला गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांनी २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले होतेच की.

अक्काचा मात्र फोनवर निराळाच हुकूम आला. "त्या नकाशात खोट काढ आणि पोराला या वेडातून सोडव. तुझं तो ऐकतो."

खोट काढायच्या इराद्यानेच मी चष्मा पुसला. पाहतो तो काय, विमानातले पेट्रोल आणि चाळीतले पाणी यांची जात एकच! पंख डोक्यावर असले, म्हणजे टाकी गच्चीवर. पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे उतरते. भाच्याच्या विमानाचे पंख खाली. म्हणजे टाकी तळमजल्यावर आणि बिऱ्हाड वर. पंप आलाच. एक इंजिनाच्या जोरावर चालणारा आणि तो रुसला तर दुसरा विजेचा. नळी तापल्या इंजिनाला लगटून गेली, तर आतल्या आत पेट्रोलची वाफ होऊन धार तुटते. आपल्या नळात हवा धरते तसेच. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, एक तेलाला नि एक वाऱ्याला. टाकीलाही अशी वाऱ्याची नळी लागते. कुंभारीण माशीने तिच्यात घर केले, तर भरल्या टाकीतूनही पेट्रोल येईनासे होते. पाणी पेट्रोलहून जड, ते तळाशी बसते. म्हणून सर्वांत खोल जागी एक तोटी ठेवायची आणि उड्डाणापूर्वी थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून पाहायचे. हे सारे त्याने केले होते.

मग मी त्याला बादली आणि घड्याळ घेऊन बसवले. कारखान्यात बनणाऱ्या लहान विमानांना लावलेला एक जुना दंडक आहे. उड्डाणाच्या वेळी इंजिनाला लागेल त्याच्या सव्वापट पेट्रोल पंपाने पोचवले पाहिजे. नुसत्या उतारावर काम असेल, तर दीडपट. ताशी ६० लिटर लागत असेल, तर ७५ हवे, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटर. विमानाची शेपटी खाली टेकवून, नाक आभाळाकडे करून त्याने मोजले. १.४ लिटर भरले. मी मनातल्या मनात पाठ थोपटली आणि अक्काला काय सांगावे या विवंचनेत पडलो.

राहिली एक चावी. टाक्या दोन, डावी आणि उजवी. दोन्हींतून एकदम ओढायला गेले, तर जी आधी रिकामी होईल तिच्यातून पंप नुसती हवा ओढील. म्हणून एका वेळी एकच टाकी चालू ठेवायची. ही चावी भाच्याने आसनामागे, खांद्यापाशी बसवली होती. "बसायच्या जागेत पेट्रोलची नळी नको, म्हणून," असे त्याने लिहिले होते. मी मान डोलावली. मी तरी घरी काय केले होते? गॅसचा सिलिंडर धोक्याचा म्हणून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवला होता.

ही गेल्या दिवाळीची गोष्ट. त्याच आठवड्यात चकल्या तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला. शेगडीच्या चावीपाशी हात नेववेना. सिलिंडरकडे धावलो, तर गॅलरीच्या दाराला कडी आणि दारापुढे फराळाच्या डब्यांची उतरंड. सौ.ने कढईवर परात झाकली म्हणून निभावले. मी मात्र कडीशी झटत राहिलो होतो.

त्या रात्री झोप येईना. भाच्याने नकाशाबरोबर अपघातांचे काही अहवालही पाठवले होते. त्यातला एक उघडला. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात कोसळून गेले, त्याचा तो अहवाल. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी माणसाने बांधलेले ते लाँग-ईझी विमान. आराखड्यात चावी वैमानिकापुढे होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. का, तर बसायच्या जागेत पेट्रोल नको म्हणून! चावीवर खुणा नव्हत्या, ती फिरायलाही जड. डेन्व्हर यांनी पेट्रोल पुरेसे भरून घेतले नाही आणि त्या विमानाचा त्यांना सरावही थोडाच होता, हेही चौकशीत निघाले. पण मागे वळून चावी फिरवू जाता उजवा पाय नकळत सुकाणूवर दाबला गेला आणि विमान हातचे गेले, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे.

मी उठून दिवा लावला आणि भाच्याला लिहिले : "चावी पुढे आण. न पाहता हाताला सापडली पाहिजे, आणि कोणती टाकी चालू आहे ते तिच्या टोकावरून कळले पाहिजे. नळी आत येईल ती येऊ दे. पण धातूची, बळकट आणि शक्य तितक्या कमी जोडांची घाल. धोका पाठीमागे नेऊन ठेवला, म्हणजे तो गेला असे नव्हे."

दुसऱ्या दिवशी गॅलरीपुढचे डबे हलवले आणि ओट्याच्या कडेला, हात सहज पोचेल अशा जागी गॅस बंद करायची चावी बसवून घेतली.

त्या फेरफारात भाच्याचे दोन महिने मोडले. मग अक्काचा फोन आला.

"काढलीस का खोट?"

"काढली."

"मग थांबला ना तो?"

"नाही अक्का. त्यानं ती दुरुस्त केली."

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "तू बसशील का रे त्यात?"

मीही जरा थांबलो. थट्टेवारी न्यायचा हा प्रश्न नव्हता.

"बसेन," मी म्हणालो, "आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून."