गंज लावून मिळेल

'जुनं ते सोनं' ही म्हण ज्याने काढली, त्याला सोन्याचा भाव माहीत असेल. जुन्याचा नक्कीच नव्हता. आमच्या भाच्याने मध्यंतरी पत्र्याच्या पाट्या घेतल्या. कोऱ्या पाटीला एक दर, गंजलेल्या पाटीला दीडपट. म्हणजे गंजाचे पैसे वेगळे! आमच्या घरी आयुष्यभर गंज फुकट मिळाला आणि तो काढायला आम्ही पैसे मोजले.

भाचेबुवांनी सदाशिव पेठेत दोन खोल्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला आहे. भिंतींना फोम, खाली गालिचा, दाराच्या फटीला रबर. इथवर ठीक होतं. पण मग कुणीतरी त्याच्या कानात 'व्हिंटेज लुक' हा मंत्र फुंकला आणि फोमवर पाट्या चढल्या. पाच सेंटला कोकाकोला. अमेरिकेतला ६६ नंबरचा हमरस्ता. गुलाबी दिव्यांचा एक मायक्रोफोन. दारावर लाल अक्षरांत 'ऑन एअर'.

"अरे, ऑन एअर म्हणजे प्रक्षेपण चालू. तुझं प्रक्षेपण कुठे होतं?"

"मामा, तो लुक आहे."

लुक म्हटलं की आमची पिढी गप्प बसते.

खऱ्या जुन्या पाट्या मी पाहिल्या आहेत. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड पसरून भट्टीत आठशेएक अंशांवर भाजायची, की वर काचेचा थर बसे. त्या पाट्या गंजत त्या फक्त टवका उडाला तिथे आणि स्क्रूच्या भोकांपाशी. भाच्याच्या पाट्यांचा गंज मात्र शिस्तीचा. बरोब्बर मधे, आणि एकाही अक्षराला धक्का न लावणारा.

सगळ्यांत मोठी पाटी अर्थातच कर्ण्यापुढच्या कुत्र्याची. आता गंमत अशी, की हे कुत्रं मुळात या यंत्रापुढे बसलंच नव्हतं. फ्रान्सिस बराऊड या चित्रकाराने आपल्या निपरला बसवलं होतं नळकांड्याच्या फोनोग्राफपुढे. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं ते त्या यंत्रावर रंग फासून आपलं तबकडीचं यंत्र काढून देण्याच्या बोलीवर. नळकांड्यावर माणसाला घरी बसून स्वतःचा आवाज भरता येई. तबकडीवर नुसता ऐकता येई. म्हणजे धन्याचा आवाज ऐकायचा, तर पहिलंच यंत्र बरोबर होतं! पण कुत्र्याला कोण विचारतो?

स्टुडिओच्या दारावरची पाटी किंवा लाल दिवा ही पूर्वी शोभा नव्हती, गरज होती. मेणाच्या तबकडीवर सुई टेकली की तीनएक मिनिटांत गाणं आटोपायचं. मधेच कुणी शिंकलं की ते मेण बाद. १९०२ साली गौहर जान यांनी कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावं म्हणून.

या स्टुडिओत अक्काला न्यायचं ठरलं. अक्का माझी थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. आमची आई जात्यावर बसून स्वतः रचलेल्या ओव्या म्हणायची. आम्हा पाचही भावंडांची नावं गुंफलेली. कागदावर त्यांतली एक ओळ नाही. सगळ्या येतात त्या एकट्या अक्काला, आणि गेल्या वर्षापासून तिचा अधूनमधून एखादा शब्द निसटतो. एरवी त्या स्टुडिओवर मी फक्त विनोद केले असते.

अक्काने आधी भिंती वाचून काढल्या. "पाच सेंट म्हणजे किती रे?" मग गंजाला बोट लावलं. "अरे, चिंच लावून घास, लख्ख निघेल." भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"मावशी, तू गा."

अक्काने डोळे मिटले आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओवीला भाच्याने हात वर केला. कानातून झणझण ऐकू येत होती. अक्काचा खालचा सूर लागला की कोकाकोला थरथरे. तिथे बोट ठेवलं तर हमरस्ता वाजू लागला. पत्र्याचाही एक स्वतःचा सूर असतो. तो कुणी लावला की पत्रा साथ देतो. शिवाय गुलाबी मायक्रोफोनची बारीक घूंऽऽ होतीच. तिसऱ्या वेळी अक्का म्हणाली, "मला पुढचं आठवेनासं होईल हं."

भाचा ताडकन उठला. दहा मिनिटांत भिंती मोकळ्या. कुत्र्यासकट सगळ्या पाट्या संडासात उभ्या केल्या. दिव्याची पिन काढली. नेमकी तेवढ्यात खाली स्कूटर फुरफुरली. तेव्हा त्याने वहीचं पान फाडलं, जाड पेनने काहीतरी लिहिलं आणि जिन्याशी चिकटवून आला. मी जाताना वाचलं: 'वर आमची मावशी गात आहे. वाहन ढकलत न्यावे. हॉर्न वाजवल्यास वर येऊन मावशीची माफी मागावी लागेल.'

पेठेतल्या माणसाला असली पाटी कळते. दीड तास एक स्कूटर सुरू झाली नाही. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर सायकलसुद्धा ढकलत नेताना दिसले.

एकूण सत्तेचाळीस ओव्या झाल्या. शेवटची संपली तेव्हा कुणीच बोललं नाही. मग अक्का तशीच डोळे मिटून म्हणाली, "हे सगळं आईचं हो. माझं काही नाही." आणि आईचं माहेरचं नाव सांगितलं, जे मी साठएक वर्षांत ऐकलं नव्हतं. भाच्याने तेवढं कापू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खबरदार.