बाजारात शिकलेली भाषा

खामगाव, रविवार.

आज चर्चवरून जाताना वऱ्हाडात आलेल्या जुन्या मिशनरींचा विचार मनात घोळत राहिला. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन मिशनची माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला-बुलढाणा भागात आली. त्यांना आधी मराठी शिकावी लागली. पुस्तकात प्रमाण मराठी होती. कापसाच्या शेतात, बाजारात, विहिरीवर मात्र वऱ्हाडी. ती ऐकायची तर बंगल्याबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या काळी मिशनरी हिवाळ्यात बैलगाडी आणि तंबू घेऊन गावोगाव फिरत.

लोकांत मिसळून भाषा शिकण्याची ही वाट त्याही आधीची. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून आले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. लोकांच्या ओठांवर कोणता छंद आहे, हे कान देऊन ऐकल्याशिवाय ओवी हाती येत नाही.

या मिशनरींच्या धर्मप्रसाराबद्दल मतभेद असतील, माझेही आहेत. पण परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसण्याची त्यांची तयारी मला मनापासून वंदनीय वाटते.

म्हणूनच आज आपल्या जिल्ह्यात बदलीवर येणाऱ्या डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना, शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. शेगावच्या पालखीबरोबर थोडे चाला, बाजारात भाजी घ्या, पारावर बसा. माणसे कळली तरच त्यांची सेवा नीट करता येते.