मुलांना कासव हवंय? आधी एवढं वाचा

सुट्टीला गावी येणाऱ्या घरांतून अलीकडे एक नवाच प्रश्न ऐकू येतो. पूर्वी पोरं कुत्र्याचं पिल्लू मागायची, फार तर मांजर. आता कासव मागतात. कुणाला इग्वाना हवा असतो, कुणाला चक्क साप. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. मला या प्राण्यांची आवड आहे हे गावात माहीत असल्यामुळे आईवडील मलाच गाठतात, "काका, घरात ठेवायला सोपा कुठला? आमची पहिलीच वेळ आहे." पाखाडीवर उभं राहून तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. आपलं मुरुड म्हणजे दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर गावावर अवलंबून आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. स्टार कासव, विहिरीतलं मऊ पाठीचं कासव, घोरपड, अजगर हे सगळे आपल्याकडचे रानातले जीव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवता येत नाहीत. विकत घेतलं, कुणी भेट दिलं, रस्त्यात सापडलं, काहीही असो. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि स्टार कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. 'वास्तूला चांगलं असतं' म्हणून कुणी आणून देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, तेवढं पुरे आहे.

आता दुकानात मिळतं ते. हिरवं, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, डोळ्यामागे लाल पट्टा. रेड इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकणारा सांगतो, "एवढंच राहतं, काही करावं लागत नाही." दोन्ही खोटं. मादीची पाठ फूटभरापर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं सहज जगतं. म्हणजे पहिलीतल्या मुलीसाठी घेतलेलं कासव तिच्या लग्नात हजर असणार. त्याला दोन-चारशे लिटर पाणी लागतं, पाणी गाळायचा पंप लागतो, बाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा लागते आणि थेट ऊन लागतं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण त्यातली अतिनील किरणं काचेत अडकतात. ती नाही मिळाली की कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. प्लास्टिकच्या डब्यात, नकली नारळाच्या झाडाखाली ठेवलेली बहुतेक पिल्लं अशीच मरतात, आणि घरचे म्हणतात, "आयुष्य तेवढंच होतं."

अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असतात. कासवाला त्यांचा काही त्रास नसतो, पण लहान मुलाने हात लावून तोच हात तोंडात घातला की जुलाब, ताप, कधी थेट दवाखाना. अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणाने. लहान पिल्लू मुलं तोंडात घालतात, गालाला लावतात. आपल्याकडे मात्र तेच लहान पिल्लू 'मुलांसाठी' म्हणून विकतात. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर माझं मत सरळ आहे, थांबा.

माझ्या चुलतभावाच्या घरची गोष्ट सांगतो. गेल्या मे महिन्यात ते मुंबईहून आले तेव्हा गाडीत सामानाबरोबर एक बादली होती. बादलीत कासव. चार वर्षांत डब्यात मावेना झालं, पाण्याला वास यायला लागला, सोसायटीत कुरकुर सुरू झाली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आपल्या विहिरीत सोडू या ना. मोकळं होईल बिचारं." पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं, "काका, समुद्रात सोडू. वेळासला सोडतात तसं."

दोघांचाही हेतू चांगलाच होता. आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची पद्धत जुनीच आहे, पण ते असायचं इथलं. हे परदेशी कासव खादाड आहे. पाणवनस्पती, मासे, बेडकं, बेडकांची पिल्लं, सगळं खातं, आणि उन्हात बसायच्या जागांवरून इथल्या कासवांना हुसकतं. जगातल्या १०० सगळ्यात उपद्रवी घुसखोर जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. विहिरीतून ते पावसाळ्यात पऱ्याला लागलं की कोण शोधणार? आणि समुद्राचं म्हणाल, तर हे गोड्या पाण्यातलं कासव आहे. त्याच्या पायाला नखं आणि पातळ पडदे आहेत. समुद्री कासवाला वल्ह्यासारखे पर असतात. खाऱ्या पाण्यात सोडणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं. पुतण्याला मी दोन्ही पायांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले, त्याला लगेच कळलं. वहिनीला समजवायला जरा वेळ लागला.

मग लोक विचारतात, परदेशी प्राण्यांवर तर बंदी नाही ना? त्यातलं सोपं काय? बंदी नाही, पण मोकळं रानही नाही. साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेला प्राणी, म्हणजे इग्वाना, बॉल पायथन वगैरे, घरात असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली तरी कळवायचं. पावती, कागद काही न देता 'घेऊन जा' म्हणणाऱ्या दुकानातून काहीही घेऊ नका.

नवख्या घरासाठी जगभर दोन-तीन नावं सांगतात. लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन, कॉर्न स्नेक. ही नावं चूक नाहीत. पण ती ज्या हवेसाठी सांगितली जातात ती हवा आपली नाही. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा. त्याला एका कोपऱ्यात ३८-४० अंशांची धग देणारा दिवा लागतो, वर अतिनील किरणांचा वेगळा दिवा, आणि तो चालू दिसत असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. आता आपल्याकडची वीज आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आपण किती दिवस अंधारात होतो? तेवढं सोडा, साध्या आषाढातल्या पावसातसुद्धा लाईट कधी जाईल याचा नेम नाही. त्यात जुलैची दमट हवा, जिथे चपलांना बुरशी येते. कोरड्या मुलखातल्या सरड्याला त्या हवेत छातीचे रोग होतात.

लेपर्ड गेको त्यातल्या त्यात सोसणारा. रात्रीचा जीव, त्यामुळे दिव्यांचं अवडंबर कमी. लहान पेटीत राहतो, किडे खातो, शांत असतो, १५ वर्षं सहज जगतो. पुण्यात राहणाऱ्या भाचीने विचारलं तर मी हेच नाव सांगेन, अर्थात पैदास करणाऱ्याचे कागद बघून. कारण याच कुळातला एक गेको आपल्या पश्चिम महाराष्ट्रात रानात राहतो, आणि कागद नसतील तर तुमचा गेको दुकानातला की रानातला हे तुम्ही वनखात्याला कसं पटवणार? मुरुडात मात्र पावसाचे चार महिने त्याची पेटी कोरडी ठेवणं हेच एक काम होऊन बसेल. आठवड्याला जिवंत किडे कुठून आणणार हाही प्रश्न आहेच. नारळी-पोफळीच्या आगरातले किडे पकडून घालू नका, फवारणीचं औषध त्यांच्या पोटात असू शकतं.

क्रेस्टेड गेकोला दमट हवा आवडते, पण पारा २८-३०च्या वर गेला की त्याचे हाल होतात. म्हणजे आपला मे महिना गेला. सुल्काटा कासव पिल्लू असताना गोजिरवाणं दिसतं, मोठं झालं की ४० किलोच्या पुढे जातं आणि माणसाइतकं जगतं. इग्वाना पाच फुटांचा होतो. हे नवख्यांचे प्राणीच नव्हेत.

राहिला कॉर्न स्नेक. हवेच्या हिशेबाने बघितलं तर आपल्याकडे सगळ्यात सोपा तोच. बिनविषारी, शांत, आठ-दहा दिवसांनी एक उंदीर. (तो उंदीर फ्रीजरमध्ये सुरमईच्या शेजारी ठेवायला घरातून परवानगी मिळाली तर मला जरूर सांगा.) तरी मी इथल्या लहान मुलांच्या घरात तो नको म्हणतो, आणि कारण वेगळं आहे. आपला जिल्हा फुरशांचा आहे. जांभ्या दगडाच्या गडग्यात, पाचोळ्यात, कातळावर फुरसं असतं. वीतभर असतं आणि जीव घेऊ शकतं. आपल्या पोरांना आपण काय शिकवतो? साप दिसला की जागीच थांब, मागे सर, मोठ्या माणसाला हाक मार. ज्या सात वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी साप हातात घ्यायची सवय लागली, त्याला गडग्याजवळ तो नियम आठवेल का? मला खात्री नाही. आणि तो कॉर्न स्नेक पेटीतून निसटून शेजारच्या पडवीत गेला तर लाल नक्षी बघून लोक काठीच आणतील, त्यांना दोष कसा देणार?

मग पोरांना काय, नुसतं 'नाही' म्हणायचं? तसं नाही. ज्या किनाऱ्यावर आपण राहतो तिथे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून हे काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव होतो. आंजर्ल्याला होतो. मुरुड-कर्द्याच्या वाळूतही घरटी सापडतात. मुंबईची माणसं मुक्काम करून पिल्लं बघायला येतात आणि आपली पोरं त्या वेळी झोपलेली असतात! पहाटे कासवमित्राबरोबर मादीच्या पावलांचा माग काढत एकदा फिरवा त्यांना. पिल्लू हातात घ्यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. आणि घरात पाल आहेच. ट्यूबलाईटजवळ रोज किती पाली येतात, कुठली शेपूट तुटकी आहे, ती किती दिवसांत वाढते, हे पुतण्या आता वहीत लिहितो. वहिनीला पाल अजिबात आवडत नाही, पण वही आवडते.

ज्यांच्या घरी स्लायडर आधीच आहे त्यांच्यासाठी. सोडू नका, फेकू नका. आमच्याकडे तो आता आगरातल्या जुन्या दगडी डोणीत आहे. अर्धी सावली, अर्धं ऊन, चढून बसायला जांभ्याचा चिरा, आणि वरून जाळी, कारण मुंगूस आणि कावळे. डोणीचं पाणी पोफळींना जातं, पऱ्याला नाही. हात लावला की साबणाने धुवायचे, हा नियम मोठ्यांनाही. अन्न म्हणून कासवाचं खाद्य, शेवग्याचा पाला, कधी मासळी. भात-पोळी नाही. रानातलं कासव, घोरपड, साप अडचणीत दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, तो फिरवा.

पुढच्या ग्रामसभेत मी एक मागणी ठेवणार आहे. सामायिक विहिरींवर आणि किनाऱ्यावर गाड्या लागतात तिथे 'पाळलेली कासवं, मासे इथे सोडू नयेत' असे फलक लावावेत, आणि घरगुती निवासवाल्यांनी पाहुण्यांना हे तोंडी सांगावं. गेल्या सुट्टीत दोन विहिरींत लाल पट्ट्याची कासवं दिसल्याचं वाडीतल्या लोकांनी सांगितलंय. पाऊस सुरू व्हायच्या आत ती काढायला हवीत. लांब दांड्याचं जाळं आमच्याकडे आहे, दोन माणसं कमी पडतायत.