मुंबईहून रायगड : एका दिवसाची सहल आणि काही प्रश्न

मुंबईहून रायगड एका दिवसात होतो का? होतो, पण पहाटे पाचला गाडी सुटली पाहिजे आणि रात्री दहापर्यंत घरी पोहोचण्याची तयारी हवी. अंतर बरंच आहे. पनवेल, पेण, माणगाव, महाड आणि तिथून पाचाड. नववीच्या वर्गाची सहल डिसेंबरात न्यायची ठरली आणि हे नियोजन माझ्याकडे आलं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे मराठीशी संबंध असलेलं शाळेतलं कुठलंही काम शेवटी माझ्याच टेबलावर येतं.

एसटीची शैक्षणिक सहलीसाठी 50 टक्के सवलत आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, मुलींसोबत शिक्षिका हे सगळं ठरलेलं असतं. अडचण यातल्या कशाचीच नव्हती.

पालकसभेत एक वडील उभे राहिले. "मॅडम, रायगडच का? जंजिरा ले चलो ना. वो अपना है." चारदोन माना हलल्या. मागच्या बाकावरची एक आई हळूच म्हणाली, "वहाँ बच्चियों का स्कार्फ देखकर किसी ने कुछ बोला तो?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, पण येतात एकाच ठिकाणाहून. म्हणून दोन्हींचं उत्तर लिहून काढावंसं वाटलं.

आधी जंजिरा. मुरूडजवळच्या राजपुरीतून शिडाच्या होडीत बसून जाण्याची मजा मुलांनी जरूर घ्यावी. 'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो शतकानुशतकं राखला, मराठ्यांना तो घेता आला नाही, आणि 1948 मध्ये ते संस्थान भारतात विलीन झालं. पण "वो अपना है" या वाक्याशी मी सहमत नाही. जंजिरा आपला आणि रायगड त्यांचा अशी वाटणी मुलांच्या डोक्यात आपणच घातली, तर उद्या कोणी तीच वाटणी त्यांच्या तोंडावर फेकली तेव्हा तक्रार कशी करणार? नववीच्या इतिहासात 'आपले' आणि 'त्यांचे' असे दोन रकाने नसतात. मुलं महाराष्ट्रात जन्मली आहेत. राज्याभिषेक जिथे झाला ती जागा पाहण्याचा त्यांचा हक्क कुणाच्याही इतकाच आहे.

आता रायगड. 6 जून 1674 ला इथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला मुंबईहून एक पाहुणा गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन. तो मे महिन्यात निघाला, होडी आणि डोंगरवाट करत पाचाडला पोहोचला आणि तिथे बरेच दिवस थांबला. त्याने लिहून ठेवलेलं वर्णन मी मुलांना सोप्या भाषेत सांगणार आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हं होती. सोन्याच्या मोठ्या दातांच्या माशांची डोकी, घोड्यांच्या शेपट्या, आणि न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. दाराशी हत्ती उभे होते, आणि ते इतक्या अवघड वाटेने वर आणले कसे याचं त्याला नवल वाटलं. माशाचं चिन्ह म्हणजे 'माही मरातिब'. माही म्हणजे मासा, हे उर्दूच्या तासाला शिकलेल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या विषयाचं काम इथूनच सुरू होतं. गडावर फिरताना जे शब्द कानावर पडतात ते पाहा. महादरवाजा, नगारखाना, बुरूज, तोफ, हौद, बाजारपेठ, महाल. किल्ला हा शब्दही अरबी. रायगडाचं वर्णन करायला मराठी माणूस जे शब्द वापरतो त्यातले कितीतरी माझ्या मुलांच्या घरातले आहेत. पण एवढंच सांगून थांबले तर ती अर्धी गोष्ट होईल. याच गडावर महाराजांनी फारसी पदनामं बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ज्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. उर्दूची शिक्षिका म्हणून मला हे लपवावंसं वाटत नाही. राज्यकर्त्याला आपला कारभार आपल्या भाषेत हवा असतो, यात राग येण्यासारखं काय आहे? आणि कोश झाला तरी लोकांच्या तोंडी दरवाजा दरवाजाच राहिला. राजाने ठरवलेली भाषा आणि लोक बोलतात ती भाषा, दोन्ही मुलांना एकाच दिवशी बघायला मिळतील. वर्गात हा धडा इतका चांगला होत नाही.

दुसरी काळजी व्हॉट्सअ‍ॅपची. एका गटात महाराज म्हणजे केवळ मुसलमानांचे वैरी, दुसऱ्या गटात त्यांचं निम्मं सैन्य मुसलमान. सहलीला येणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी सांगितलंय की ज्याला कागद आहे तेवढंच बोलायचं. पायदळाचा सरनोबत नूरबेग, घोडदळातला सिद्दी हिलाल, आरमारातला दौलतखान, मुन्शी काझी हैदर, ही नावं कागदात आहेत. आग्र्याच्या सुटकेतल्या मदारी मेहतरला समकालीन आधार नाही, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच सांगायची, हिरकणीच्या गोष्टीसारखी. आणि खाफीखान सांगायचा. हा मुघलांचा इतिहासकार महाराजांबद्दल कडवट लिहितो. तरीही तोच नोंदवतो की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि कुराणाची प्रत हाती आली तर ती आपल्या मुसलमान माणसाकडे ते आदराने देत. विरोधकाची ही साक्ष आपल्या शंभर फॉरवर्डपेक्षा वजनदार आहे.

आता दिवसाचं वेळापत्रक, कारण पालकांनी तेच जास्त विचारलं. शुक्रवार टाळला आहे. फजर पनवेलला. पाचाडला सकाळी दहाच्या सुमारास. तिथे आधी जिजाबाईंची समाधी, मग गड. चढताना पायऱ्या, उतरताना रोपवे. रोपवे चार-पाच मिनिटांचाच आहे, पण पायऱ्या चढल्याशिवाय ऑक्झेंडनच्या हत्तींचं कोडं मुलांना कळणार नाही. टकमक टोकावर कोणी पुढे जायचं नाही, सेल्फी तर नाहीच. सदरेवर पाच मिनिटं शांतता, म्हणजे तिथला हलका आवाज नगारखान्याशी कसा ऐकू येतो ते मुलांना स्वतः तपासता येईल. जगदीश्वराच्या मंदिरासमोर महाराजांची समाधी आहे. तिथे चपला बाहेर, आवाज खाली. कोणावरही कसलीही जबरदस्ती नाही, पण अदब सगळ्यांनी पाळायची. ती आपल्याला घरीच शिकवलेली असते.

जोहर गडावर नाही. खाली महाडच्या मशिदीत. साडेतीनपर्यंत पोहोचू, हनफी मुलांचा जोहरचा वक्त तेव्हा असतोच. कोकणी मुलं शाफई आहेत, ती प्रवासात जोहर-असर एकत्र करतील. मग चवदार तळं. 1927 च्या डिसेंबरात तिथल्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. अर्धा तास तिथे थांबायचंच.

आणि स्कार्फचा प्रश्न. कोणी काही बोललंच तर? त्या आईला मी खात्री देऊ शकत नाही. एवढंच सांगितलं की मी स्वतः डोक्यावर ओढणी घेऊन दोनदा गेले आहे. एकदा पायऱ्यांवर दम लागला तेव्हा ताक विकणाऱ्या मावशींनी मला त्यांच्या सावलीत बसवलं आणि पैसे घ्यायला कुरकुर केली. दुसऱ्यांदा एका टोळक्याने माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने घोषणा दिल्या. मी बाजूला झाले, वाट दिली आणि वर गेले. दोन्ही खरं आहे. मुलींना दोन्ही सांगूनच नेणार आहे. त्या तिथे स्वतःला सिद्ध करायला जात नाहीत, बघायला जात आहेत.

42 मुलांपैकी 39 जणांची संमतीपत्रं आली आहेत. उरलेल्या तिन्ही मुली आहेत. रविवारी त्यांच्या घरी जाऊन येणार आहे.